आतली शिवण

बाहेरून शिवण दिसली की टेलरबाईंच्या कपाळाला आठी पडायची. शिकायला येणाऱ्या पोरींना त्या पहिल्याच दिवशी बजावायच्या, "धागे, गाठी, कातरलेल्या कडा, जे काय असेल ते सगळं आत. गिऱ्हाइकाला आपली मेहनत दाखवायची नसते, कपडा दाखवायचा असतो." एखादीनं बाही उलटी जोडली की तिला असं काही फैलावर घ्यायच्या की पोरगी रडकुंडीला यायची, आणि मग स्वतःच चष्मा लावून ती बाही उसवून द्यायच्या. तोंडानं फटकळ बाई. पण हात असा की गल्लीतली माणसं त्या हातासाठी तोंड सोसत होती.

त्यांचे यजमान म्हणजे मीटरकाका. जन्मभर दारोदार फिरून लोकांचे विजेचे मीटर वाचले, म्हणून मीटर. निवृत्त झाले तरी पायांतली भिंगरी काही थांबली नव्हती. दुपारचा चहा झाला की जिना उतरायचा आणि कोपऱ्यावरच्या किल्लीवाल्याच्या टपरीवर जाऊन बसायचं, हा नेम. किल्लीवाला त्यांच्यासाठी एक लाकडी स्टूल मांडून ठेवायचा आणि खालूनच हाक द्यायचा, "मीटर, येताय का?" तिथं बसून दोघं काय बोलायचे कुणास ठाऊक. बाई म्हणायच्या, "दोन रिकामटेकडे, एकाला किल्ली सापडत नाही आणि दुसऱ्याला कुलूप." पण काका खाली गेले की घर शांत व्हायचं, मशीन भरभर चालायचं, आणि ते परत आले की खालच्या चार बातम्या वर यायच्या. त्या बातम्यांवर बाईंचा दुसरा दिवस निघायचा.

साखरेनं त्या पायांचा घास घेतला. आधी जाणीव गेली. टाचणी टोचली तरी काकांना पत्ता लागायचा नाही. मग अंगठा काळा पडला, मग पाऊल, आणि शेवटी डॉक्टरांनी उजवा पाय गुडघ्याखाली कापला. बाईंनी काकांच्या सगळ्या पँटींची उजवी बाजू दुमडून टीप मारली. ते काम करताना त्यांनी एकदाही मान वर केली नाही.

पण इथं एक बरं झालं. रुग्णालयानंच त्यांना पाय बसवून देणाऱ्या केंद्रात पाठवलं. लांबलचक हॉल, मधोमध धरून चालायचे दांडे, भिंतीला आरसे, आणि फळीवर ओळीनं उभे केलेले पाय. तिथला पाय बनवणारा माणूस तसा पोरगेलाच होता, दाढीत सदा प्लॅस्टरची पांढरी भुकटी. त्याला हे दोघं आपसात पायवाला म्हणायचे. पायाचा वरचा भाग, ज्यात माणसाचं थोटूक बसतं, त्याला तो सॉकेट म्हणायचा. बाई त्याला पेला म्हणायच्या. थोडे दिवस गेले आणि तोही पेला म्हणायला लागला.

"काकू, पाय मी दहा देईन," त्यानं पहिल्याच भेटीत सांगितलं. "गुडघा देता येत नाही. गुडघा आहे तर काका जिना उतरतील, चढतील, सगळं करतील. तो गेला तर मग अवघड आहे. काकांचं हृदय तेवढं पेलणार नाही, आणि गुडघ्याच्या वरचा पाय आम्ही त्यांना देऊ शकणार नाही. तेव्हा काय वाटेल ते करा, पण गुडघा सांभाळा."

जपायचं कसं, तेही सांगितलं. रोज संध्याकाळी आरसा धरून थोटूक सगळीकडून बघायचं. कुठं सोललं, लाल चट्टा आला, तर पाय काढून ठेवायचा आणि फोन करायचा. थोटूक बारीक होत जाणार, पेला सैल होणार, तेव्हा मोज्यावर मोजा चढवायचा. आणि केंद्रातले मोजे सोडून दुसरं काही आत घालायचं नाही. का, ते त्यानं सांगितलं नाही आणि बाईंनी विचारलं नाही. शाळावाले नाही का गणवेश अमुक दुकानातूनच घ्या म्हणतात, तशातलीच गत, असं त्या मनात म्हणाल्या.

मोजे त्यांनी घरी आणून उलटसुलट करून पाहिले. कुठं जोड नाही, शिवण नाही, यंत्रावर गोल विणून काढलेली नुसती नळी. "हे काय शिवलंय होय," त्या म्हणाल्या. "ज्याला शिवण नाही त्याला आकार कुठून येणार?" काका म्हणाले, "तुला शिवायला नाही दिलं म्हणून पोटात दुखतंय." ते काही अगदीच खोटं नव्हतं.

बाईंनी पँटींची टीप उसवली आणि काका चालायला शिकले. धडपडत, कुरकुरत, त्या पायवाल्याला शिव्या घालत शिकले. ज्या दुपारी ते पहिल्यांदा जिना उतरून टपरीपर्यंत गेले, त्या दुपारी किल्लीवाल्यानं स्टूल फडक्यानं पुसलं आणि बाई खिडकीत उभ्या राहून डोळे पुसत होत्या. वर आल्यावर काकांना मात्र म्हणाल्या, "एवढा वेळ? मला वाटलं तिथंच मुक्काम करताय."

पुढे थोटूक बारीक झालं. पायवाल्यानं सांगितलं होतं तसंच झालं, पण जरा भराभर झालं. एक मोजा होता तिथं दोन आले, दोनाचे तीन. तीन मोजे आत गोळा व्हायचे, चुण्या पडायच्या, आणि पाय पेल्यात डुगडुगायचा. एका दुपारी जिन्यात काकांचा पाय आतल्या आत फिरला. कठडा हाती लागला म्हणून वाचले. पण धसका बसला तो बसलाच. खालून हाक आली की खिडकीतून सांगायचे, "आज जरा पाय दुखतोय." कुठला दुखतोय, असं किल्लीवाल्यानं विचारलं की म्हणायचे, "जो नाही तो." खाली दोघं-चौघं हसायचे. वर काका खुर्चीत बसून राहायचे आणि बाईंच्या मशीनकडे बघत बसायचे. नवराबायकोत दिवसभर बोलायला काही उरेना.

बाईंनी केंद्रात फोन लावला. पायवाला बाहेरगावी शिबिराला गेला होता. फोनवरची बाई म्हणाली, तो आला की पेला नवा करू, तोवर सांभाळून घ्या.

सांभाळून घ्या म्हणे. टेलरबाईंनी फोन ठेवला आणि त्यांचं डोकं भणाणलं. सैल झालेली वस्तू अंगाबरोबर करायची, यातच त्यांचा जन्म गेला होता. थोरल्याचा कोट धाकट्याला बसवून दिला होता, आजारातून उठलेल्या माणसांचे कपडे कंबरेत घेऊन दिले होते. आणि इथं स्वतःचा नवरा सैल पायापायी खुर्चीला खिळलाय आणि आपण तारखेची वाट बघत बसायचं?

"अहो, या इकडे," त्या म्हणाल्या. "माप देऊन टाका."

टेप घेऊन त्यांनी थोटकाचं माप घेतलं, गुडघ्याखाली, मध्ये, टोकाशी. कागद कापला, खडूनं आखलं. मऊ जुनं फलालीन घेतलं, दोन थरांमध्ये कापूस पसरून बारीक उभे टाके घातले, म्हणजे कापूस जागचा हलायला नको. जिथं पेला सैल तिथं कापूस जास्त, जिथं घट्ट तिथं नावाला. जोडायची शिवण मात्र पक्की हवी. माणसाचा सगळा भार तिच्यावर यायचा. म्हणून कड दुमडून तिच्यावर दुहेरी टीप मारली. आणि शिवण आत घेतली. बाहेरच्या अंगाला काकांच्या पँटीच्या रंगाची निळी पट्टीसुद्धा लावली. ती पिशवी प्लॅस्टिकच्या पेल्यात जाणार होती, पेल्यावर पँट येणार होती, तिला जगात कुणी बघणार नव्हतं. पण बाईंच्या हातून ओबडधोबड वस्तू बाहेर पडणं शक्य नव्हतं.

काकांनी ती चढवली, पाय पेल्यात घातला, उभे राहिले. इकडून तिकडे गेले. मग जिन्याकडे वळले आणि थेट खाली गेले.

ते दिवस फार चांगले गेले. काका टपरीवर तर जायचेच, पण बाईंचे शिवलेले कपडेसुद्धा गिऱ्हाइकांच्या घरी पोचवायला लागले. जुन्या सवयीनं प्रत्येक दारात मीटरकडे नजर टाकायची, आणि "तुमचा फार पळतोय हो" असं सांगून घरमालकाच्या पोटात गोळा आणायचा. किल्लीवाल्याला पँट वर करून पिशवीची निळी कड दाखवायचे. "कंपनीला जमलं नाही ते आमच्या बाईनं केलं." बाई वरून ऐकायच्या आणि ऐकलं नाही असं दाखवायच्या. गेल्या कित्येक वर्षांत त्यांना कुणी इतकं मोठं म्हटलं नव्हतं.

संध्याकाळी आरसा धरणं चालूच होतं. त्यात त्यांना एक रेघ दिसली. थोटकाच्या मागच्या बाजूला, बारीक, सरळ, तांबूस. चट्टा नव्हता, सोललेलं नव्हतं. बाईंनी बोट फिरवलं आणि त्या निर्धास्त झाल्या. असले वळ त्यांनी आयुष्यभर पाहिले होते. मापात बसलेला कपडा अंगावरून उतरवला की कंबरेला, खांद्याला असाच वळ राहतो आणि तासाभरात जातो. पोरींना त्या तो दाखवायच्यासुद्धा, "बघ, याला म्हणतात फिटिंग."

"दुखतंय का हो?" त्यांनी विचारलं.

"छे," काका म्हणाले. त्यांना दुखणार होतं कुठून?

वळ दुसऱ्या दिवशी होता, तिसऱ्या दिवशी होता. मग बाईंच्या नजरेला तो सरावाचा झाला. एकदा पिशवी ओलसर लागली; घाम असेल म्हणून धुऊन वाळत घातली आणि तशीच दुसरी शिवून दिली. मग वास आला. तेव्हा मात्र त्यांनी पाय ओढूनच काढला आणि आरसा धरला. ती रेघ टोकापासून टोकापर्यंत उघडली होती, आणि आत खोल काहीतरी पांढुरकं दिसत होतं.

रुग्णालयात धावाधाव झाली. लेक परगावहून आली. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की विष हाडात गेलंय, आता गुडघ्याच्या वर कापल्याशिवाय इलाज नाही. बाईंनी विचारलं, "गुडघा ठेवून नाही का काही करता येणार?" डॉक्टर म्हणाले, "जीव ठेवायचाय ना?" असं का झालं, हे कुणी विचारलंच नाही. साखर आहे, होतं असं, म्हणाले सगळे. लेक आईच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "तू किती केलंस गं बाबांचं." बाईंना ते बरं वाटलं. तेव्हा अजून बरं वाटण्यासारखं होतं.

काका घरी आले. त्यांना दोघांतिघांनी उचलून जिना चढवला. लेकीची सुट्टी संपली, ती गेली. आणि एका सकाळी बाई तो निरुपयोगी पाय मोठ्या पिशवीत घालून केंद्रात गेल्या, पायवाल्याला एकदा विचारून बघावं म्हणून. आशा वेडी असते असं म्हणायचं, पण खरं तर त्यांना आशा नव्हती. घरात बसवत नव्हतं, एवढंच.

पायवाल्यानं सगळं ऐकून घेतलं. नाही म्हणाला, काकांच्या हृदयाचे कागद त्यानं पाहिले होते. चाकांची खुर्ची देता येईल, पण तुमच्या जिन्यावरून ती न्यायची कशी? मग तो पाय त्यानं हातात घेतला आणि आतली ती निळ्या कडेची पिशवी बाहेर काढली.

"हे काय?"

"मी शिवली होती. पेला सैल झाला म्हणून."

त्यानं ती वरखाली करून पाहिली. "फार सुंदर शिवलीय, काकू," तो म्हणाला, आणि ते मनापासून होतं. मग त्यानं आत हात घातला आणि त्याचा चेहरा उतरला. आतल्या आत त्याचं बोट वरून खाली गेलं. हळूच त्यानं पिशवी उलटी केली. दुमडलेल्या कडेची, दुहेरी टीप मारलेली ती जाड शिवण आता दोघांच्या मध्ये टेबलावर होती. अगदी सरळ. बाईंची टीप कधी वाकडी जात नसे.

"शिवण आत आहे," तो म्हणाला.

"आतच असते," बाई म्हणाल्या. आणि म्हणता म्हणता त्यांना ती रेघ दिसली, आरशातली.

पायवाला म्हणाला, "आमच्या मोज्यांना शिवण नसते ती म्हणूनच. शिवण असली की सगळा भार त्या एका रेघेवर पडतो. मी सांगायला हवं होतं, काकू. घरी कुणी असं शिवेल हे डोक्यातच आलं नाही."

"उलटी घातली असती तर?" बाईंनी विचारलं. "शिवण पेल्याकडे, मऊ बाजू कातडीकडे. तर गुडघा राहिला असता?"

त्याला खोटं बोलायची सवय नव्हती. त्यानं त्या पिशवीची नीट घडी घातली. "कदाचित," तो म्हणाला.

पाय बाईंनी तिथंच ठेवला. पिशवी घरी आणली आणि चिंध्यांच्या गाठोड्यात खाली दाबून टाकली. काकांना काही सांगितलं नाही. काय सांगणार? रोज रात्री जेवताना काका म्हणायचे, "तुझ्या पिशवीनं शेवटचे चार दिवस मजेत गेले बघ," आणि बाई ताट अर्धवट ठेवून उठायच्या. मशीनवर बसल्या की हात थांबायचा. कुणाचा फ्रॉक, कुणाची पँट, जे हाती येईल त्याच्या आतल्या शिवणीवरून त्या बोट फिरवत राहायच्या. एका पोरीनं बाही उलटी जोडली, तर तिला काही बोलल्याच नाहीत. पोरगी उलट घाबरून गेली.

मग काकांनीच विषय काढला. मांडीच्या टोकाला गार लागतं म्हणाले, एखादी टोपीसारखी शिवून दे. बाईंनी नाही-होय करत दोन दिवस काढले. मग तेच फलालीन घेतलं, माप घेतलं. हे माप घेताना लांबीला टेप फार थोडा लागला. शिवून झाल्यावर ती टोपी त्यांनी काकांच्या मांडीवर चढवली.

काका बघून हसायला लागले. "अगं, उलटी शिवलीस की. सगळी शिवण बाहेर. लेकीला सांगतो, तुझी आई म्हातारी झाली, उलटंसुलटं शिवायला लागली."

बाई काही बोलल्या नाहीत. फटकळ बाई, आणि गप्प. काकांचं हसू तिथंच थांबलं. त्यांनी त्या बाहेरच्या शिवणीवर अंगठा टेकवला, वरून खाली नेला, परत वर आणला. जन्मभर आकडे वाचलेला माणूस तो.

"म्हणजे शिवणीनं झालं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"पायवाला म्हणाला?"

"कदाचित म्हणाला. पण होय."

"लेकीला माहीत आहे?"

बाईंनी मानेनंच नाही म्हटलं. काका म्हणाले, "सांगू नकोस." मग ते खिडकीकडे तोंड करून बसले. ते रागावले असते, काही टाकून बोलले असते, तर बाईंना सोपं गेलं असतं. बाई त्यांच्या शेजारी पलंगावर बसल्या आणि त्यांना पहिल्यांदाच नीट कळलं, की आता यापुढचा प्रत्येक दिवस असाच या खोलीत जाणार आहे, त्यांचाही आणि आपलाही, आणि तो आपल्या हातानं असा शिवलाय की उसवायची सोय नाही.

तेवढ्यात खालून हाक आली. "मीटर, येताय का?"

ऑपरेशनचं किल्लीवाल्याला ठाऊक होतं. पण पहिल्या वेळीही काका परत खाली आले होते, तेव्हा याही वेळी येतील, असं त्यानं धरून ठेवलं होतं. रोज स्टूल मांडायचा, रोज हाक द्यायचा, आणि काका रोज काहीतरी थाप मारायचे. सर्दी झालीय. उद्या बघू. डॉक्टर पुढच्या आठवड्यात म्हणालेत.

आज मात्र हाक दुसऱ्यांदा आली. बाई उठल्या, खिडकीशी गेल्या. खाली टपरीपुढे ते स्टूल होतं, नुकतंच पुसलेलं.

"स्टूल उचलून ठेवा," त्या म्हणाल्या. "त्यांना आता खाली येता यायचं नाही."

"आज नाही का?"

"कधीच नाही."

किल्लीवाला वर बघत राहिला. मग त्यानं हातातली कानस खाली ठेवली, स्टूल उचललं आणि टपरीच्या आत, मागच्या बाजूला ठेवून दिलं. बाई खिडकीतून वळल्या. काका अजून तिकडेच बघत होते.

"थोडे दिवस तरी मांडू द्यायचं होतंस," ते म्हणाले.